बेळगावच्या थंडीत घरच्या गॅरेजसाठी हीटर घेताना

डिसेंबर लागला की पहाटे गॅरेजमध्ये लोखंडी पाना हातात धरवत नाही, बोटं अशी आखडतात की नट सुटून टेबलाखाली जातो आणि मग बॅटरी घेऊन शोधत बसायचं. आमचं घर अनगोळला, घराला लागूनच १० बाय १८ चं गॅरेज आहे, तीन बाजूला विटांची भिंत, पुढं शटर, वर पत्रा. आत एक स्कूटर, एक जुनी मोटरसायकल आणि माझं लाकूडकामाचं टेबल. नऊला उद्यमबागला कामावर हजर व्हायचं असतंय, त्यामुळं पहाटे साडेपाच ते आठ एवढाच माझा स्वतःचा वेळ आणि तोच नेमका सगळ्यात गार वेळ. गेल्या तीन हिवाळ्यात मी दोन हीटर घेतले, एक चुकीचा आणि एक बरोबर, आणि त्यातनं जे कळलं ते इथं सगळं लिहितोय, कारण दुकानात हे कुणी सांगत नाही.

पहिलं म्हणजे आपली थंडी कसली आहे ते बघा. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंच, त्यामुळं पहाटेचा गारठा चांगला असतो, पारा १२-१४ पर्यंत उतरतो, खानापूर-जांबोटीकडं झाडीत तर अजून खाली. पण दहा वाजले की ऊन येतंय आणि पत्रा तापून उलट उकडायला लागतंय. म्हणजे आपली थंडी दिवसाला तीन-चार तासांची, आणि दिवाळीनंतर चालू होऊन शिवरात्रीला शिव शिव म्हणत जाणारी. दिल्ली-काश्मीरसारखं चोवीस तास खोली गरम ठेवायची आपल्याला गरजच नाही. हे डोक्यात पक्कं ठेवलं की निम्मी निवड तिथंच होते: आपल्याला गॅरेज तापवायचं नाही, गॅरेजमध्ये काम करणारा माणूस तापवायचा आहे.

मला हे आधी कळलं नव्हतं. गणपत गल्लीकडं एका दुकानात गेलो, दुकानदार म्हणाला "चळी भाळ ऐत्री (थंडी लई आहे) ह्या वर्षी, मोठाच घेऊन जावा", आणि मी २००० वॅटचा ब्लोअर घेऊन आलो. घरात खोलीत लावला तर मस्त, पाच मिनिटात ऊब. गॅरेजमध्ये लावला तर अर्धा तास झाला तरी काही नाही, पायाजवळ गरम वारा आणि डोक्यावर तोच गारठा. वर आणि त्याच्या पंख्यानं टेबलावरचा सगळा भुसा उडवला, तो आत कॉइलवर जाऊन जळायला लागला, गॅरेजभर करपलेला वास. त्या दिवशी मागची जाळी काढून बघितलं तर आत भुशाचा तपकिरी थर बसलेला, काही ठिकाणी काळा पडलेला. अजून आठवडाभर तसंच चालवलं असतं तर पेटलंच असतं.

ऊब का राहिली नाही त्याचा साधा हिशेब आहे. माझा पत्रा साधारण १७ चौरस मीटरचा. नुसत्या पत्र्यातनं उष्णता किती जाते तर बाहेरच्यापेक्षा आत ८ डिग्री जास्त ठेवायचं म्हटलं की एकट्या छतातनं ९०० वॅटच्या आसपास निघून जाते. भिंती वेगळ्या, शटर वेगळं, शटरच्या खालची फट तर सगळ्यात वाईट. विटांची भिंत, वर स्लॅब आणि बंद दार असलेल्या खोलीला चौरस फुटाला १० वॅट असा एक ढोबळ हिशेब धरतात, म्हणजे १८० फुटाला १८०० वॅट, पण पत्रा आणि शटर असलं की तो आकडा जवळजवळ दुप्पट होतो, आणि साडेतीन हजार वॅट घरच्या साध्या प्लगवर चालत नाहीत. तिथंच विषय संपला.

म्हणून हीटर घ्यायच्या आधी फटी बंद करा, ह्याला हजार रुपये पण लागत नाहीत. मी शटरच्या खालच्या पट्टीला जुन्या ट्रकच्या ट्यूबची चार इंच रुंद पट्टी कापून नट-बोल्टनं बसवली, ती जमिनीला घासून बसते, वारा बंद झाला आणि उंदीर यायचे ते पण बंद झाले. भिंत आणि पत्रा जिथं भेटतात तिथं पत्र्याच्या नागमोडीमुळं फटी राहतात, तिथं सिमेंट भरून घेतलं. आणि टेबलाच्या मागं-बाजूला वरनं खालपर्यंत जाड ताडपत्रीचा पडदा केला, म्हणजे १८० फुटातलं ५०-६० फूटच काय ते सांभाळायचं. हीटर पडद्यापासून लांब ठेवायचा, ते पुढं सांगतोच. पत्र्याखाली सीलिंग करायचं असेल तर थर्माकोल स्वस्त पडतंय आणि उष्णता अडवतंय पण चांगली, पण ते पेट घेतंय, उघडं थर्माकोल आणि खाली हीटर हे मी कुणालाच सांगणार नाही. जिप्सम बोर्ड करा, नाहीतर राहू दे.

आता प्रकार. एक गोष्ट आधी मनातनं काढा, की अमुक हीटर कमी लाईटमध्ये जास्त गरम करतो. करंटवर चालणारा कुठलाही रॉडचा, कॉइलचा, तेलाचा हीटर असू दे, १००० वॅट घेतला की १००० वॅटचीच उष्णता देणार, दहा हजाराचा असो नाहीतर हजाराचा. फरक फक्त ती उष्णता कुठं जाते आणि किती वेळात मिळते ह्याचा.

ब्लोअर हवा गरम करतो, आणि गॅरेजमध्ये हवाच थांबत नाही, शिवाय भुशाची गोष्ट वर सांगितलीच. तेलाचा रेडिएटर, तो फिन-फिनचा येतो तो, घरात म्हाताऱ्या माणसांच्या खोलीत एकदम उत्तम, आवाज नाही, लाल होत नाही, पण तापायलाच वीस-तीस मिनिटं घेतो, सात-आठ हजाराच्या खाली चांगला मिळत नाही, आणि गळक्या गॅरेजमध्ये त्याचा थर्मोस्टॅट हीटर कधी बंदच करत नाही कारण हवा कधी सेट केलेल्या तापमानाला पोचतच नाही. तुमचं गॅरेज स्लॅबचं असेल आणि तुम्ही सलग पाच-सहा तास बसून काम करणारे असाल तर घ्या. माझ्यासारखं अडीच तास असेल तर नको.

राहिला रॉडचा, म्हणजे क्वार्ट्ज, हॅलोजन किंवा कार्बन. हा उन्हासारखं काम करतो, हवेला नाही तर समोरच्या वस्तूला तापवतो. सकाळी आपण अंगणात उन्हात उभं राहतो तेव्हा हवा गारच असते पण पाठ गरम होते, तसंच हे. चालू केला की मिनिटाभरात हाताला ऊब. दोन रॉडचा ८०० वॅटचा येतो, एक रॉड ४०० वर पण चालतो, किंमत हजार-दीड हजाराच्या आसपास. मी शेवटी हाच घेतला, टेबलाच्या डाव्या बाजूला तीन फुटावर, थोडा तिरका, हातावर आणि पोटावर ऊब येईल असा, आणि माझं काम झालं. पाच फुटावर गेलं की ऊब फार कमी होते आणि त्याच्या मागं उभं राहिलं तर काहीच नाही, एवढं धरून जागा ठरवा. आमच्या शेजारच्या अण्णांनी पोल्ट्रीत पिल्लांना लावतात तो २५० वॅटचा लाल बल्ब टेबलावर टांगलाय, बारीक सोल्डरिंगच्या कामाला तो पण पुरतो, फक्त होल्डर चिनी मातीचा घ्या, प्लॅस्टिकचा वितळतो, आणि टांगायला वायर नको, साखळी वापरा.

आता जे सांगतोय ते नीट वाचा. गॅरेज म्हणजे नुसती गार खोली नाही, तिथं पेट्रोल आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती वर जात नाही, पाण्यासारखी जमिनीवरनं पसरते आणि खोलगट जागेत साठते. जुन्या गाडीच्या कार्बोरेटरमधनं थेंब थेंब गळत असतंय, आपल्याला कळत पण नाही, आणि पेट्रोलची वाफ बेळगावच काय, बर्फातसुद्धा पेटते. आणि आपण हीटर कुठं ठेवतो तर जमिनीवर. म्हणून माझा रोजचा क्रम असा आहे: शटर उघडायचं, स्कूटर-गाडी दोन्ही अंगणात काढायच्या, दहा मिनिटं शटर पूर्ण उघडं, तोवर मी चहा घेतो, मग आत येऊन वास घ्यायचा, पेट्रोलचा जरासुद्धा वास असेल तर त्या दिवशी हीटर नाही. गाडी बाहेर काढायला जागाच नसेल तर भिंतीवर लावायचा हीटर घ्या, कंपनीनं भिंतीवर बसवायला दिलेल्या क्लॅम्पसकट, आणि छातीच्या उंचीवर बसवा, जमिनीपासून दीड फुटाच्या खाली तर कुठलंच गरम किंवा ठिणगी पडणारं काही नको. टेबलावर हीटर उभा करायचा शॉर्टकट मात्र नको, कोपर लागलं की तो खाली. थिनर, पॉलिश, सीलर, डब्यातला तो उग्र वासाचा रबर सोल्युशन, हे उघडायचं असेल तर हीटर बंद करून प्लग काढायचा. तेलाचा रेडिएटर लाल दिसत नाही म्हणून तो चालतो असं काहीजण म्हणतात, पण त्याचा पण थर्मोस्टॅट चालू-बंद होताना आत बारीक ठिणगी पडते.

आणि शेगडी. हे मी पोटतिडकीनं लिहितोय. आमचे काका जांबोटीकडं असतात, तिकडं गारठा आमच्यापेक्षा जास्त, ते एका पहाटे मोटरपंप खोलून बसले होते बंद खोलीत, बाजूला कोळशाची शेगडी, वारा येतो म्हणून दाराला पोतं लावलेलं. काकू चहा घेऊन गेल्या तर काका भिंतीला टेकून बसलेले, हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली पडलेला, बोलताना जीभ जड. काकूंनी दार उघडून ओढतच बाहेर आणलं म्हणून वाचले. दिवसभर डोकं ठणकत होतं आणि उलट्या. कोळसा, लाकूड, गॅस, काहीही बंद जागेत जळायला लागलं की हवा अपुरी पडते आणि कार्बन मोनॉक्साईड तयार होतो, त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तात तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त जोरानं चिकटतो. माणसाला वाटतंय झोप येतेय. धूर नाही म्हणजे धोका नाही हे साफ चूक, निखारा लालबुंद झालेली बिनधुराची शेगडीच जास्त फसवते. बंद शटरमागं गाडी चालू करून गरम करत ठेवणं पण तेच. गॅसचे हीटर मिळतात, लांबून छान दिसतात, पण बंद गॅरेजला नकोत, आणि अजून एक कारण आहे जे हत्यारं जपणाऱ्याला लगेच पटेल: १ किलो गॅस जळला की जवळजवळ दीड लिटर पाणी वाफ होऊन हवेत जातंय. ती वाफ गार रंध्यावर, पटाशीवर, करवतीवर जाऊन बसते आणि गंज चढतो. आपल्याकडं पावसाळ्यात चार महिने गंजाशी मारामारी असतेच, हिवाळ्यात पण विकत कशाला घ्यायची.

वायरिंगचं सांगतो, कारण इथं माझं स्वतःचं नुकसान झालंय. तो २००० वॅटचा ब्लोअर मी घरातनं एक्स्टेन्शन बॉक्स ओढून लावला होता. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मासळी कुजल्यासारखा वास यायला लागला, मी आधी उंदीर मेला म्हणून शोधत होतो. प्लग ओढला तर निघेना, जोर लावल्यावर सॉकेटचं प्लॅस्टिक पिनेला चिकटूनच बाहेर आलं, चिंगमसारखं ताणलेलं, पितळेची पिन निळसर-काळी पडलेली. २००० वॅट म्हणजे २३० व्होल्टला साधारण पावणेनऊ अँपिअर, आणि छोट्या पिनेचा पॉइंट असतो ६ अँपिअरचा. बॉक्सची वायर पण बारीक. म्हणून नियम सरळ आहे, १००० वॅटपर्यंत छोट्या पिनेवर चालतंय, त्याच्या वरचं सगळं मोठ्या पिनेच्या १६ अँपिअर पॉवर पॉइंटवर, आणि त्या पॉइंटला २.५ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर मेन बोर्डापासून वेगळी आलेली पाहिजे. गॅरेजचा पॉइंट हा बहुतेक घरात नंतर लाईटच्याच वायरीतनं ओढलेला असतो, त्यामुळं वायरमनला बोलावून एकदा खोलून बघा. बरोबर अर्थिंग पण तपासून घ्या, आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळायला लागला की लाईट तोडणारा स्विच) नसेल तर बसवून घ्या, गॅरेजची जमीन ओलसर, आपण अनवाणी किंवा ओल्या चपलेत, वर हातात लोखंड. हीटरला एक्स्टेन्शन नको म्हणजे नकोच. इन्व्हर्टरवर पण नको, घरचा साधा इन्व्हर्टर ८००-९०० व्हीएचा असतो, हीटर लावला की तो ट्रिप होणार.

खेड्यात राहणाऱ्यांसाठी एक. पहाटे सगळ्यांच्या मोटरी चालू असतात तेव्हा व्होल्टेज पडतंय, १९० वर आलं की २००० वॅटचा हीटर साधारण १३६० वॅटचाच राहतो. हीटर खराब आहे म्हणून परत द्यायला धावू नका, आधी व्होल्टेज बघा.

बिलाचं कुणी आधी बघत नाही. आपल्याकडं हेस्कॉमचं, म्हणजे इथल्या वीज कंपनीचं बिल गृहज्योतीमुळं, म्हणजे कर्नाटक सरकारच्या फुकट विजेच्या योजनेमुळं, बऱ्याच घरात शून्य येतंय, पण त्याचा हिशेब असा आहे की २०२२-२३ ची तुमची महिन्याची सरासरी अधिक १० टक्के एवढे युनिट फुकट, त्याच्यावरचे भरायचे, आणि महिन्याला २०० च्या वर गेलात की पूर्ण बिल तुमचं. समजा तुमची सरासरी १३० आहे, म्हणजे १४३ युनिट फुकट. ८०० वॅटचा हीटर रोज अडीच तास म्हणजे महिन्याला ६० युनिट, झाले १९०, वरच्या ४७ युनिटचे पैसे द्यायचे. २००० वॅटचा तेवढाच वेळ चालवला तर १५० युनिट, झाले २८०, आणि मग सगळ्या २८० चं बिल आलं. एका हीटरमुळं सगळी सवलत गेली. मला ब्लोअरच्या वेळी हेच झालं, आई दोन दिवस ते बिल हातात घेऊन फिरत होती. बिलावर मंजूर लोड पण लिहिलेला असतो, तो १ किलोवॅटचा असेल तर २००० वॅटचा हीटर घ्यायच्या आधी लोड वाढवून घ्यावा लागतोय.

दुकानात गेल्यावर खोका बंद असतानाच पैसे देऊ नका. उघडून बघा. आयएसआय मार्क आणि त्याच्याखाली सीएम/एलनं सुरू होणारा नंबर असतो, तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की कंपनीचं नाव येतं, नाव जुळलं नाही तर ठेवून या. मग हीटर लावायला सांगा आणि चालू असताना दुकानदारालाच तिरका करायला लावा, आडवा झाला की आपोआप बंद पडला पाहिजे, गॅरेजमध्ये पायात वायर येऊन तो पडणारच आहे कधीतरी. जास्त तापल्यावर बंद होणारा कट-ऑफ आहे का ते खोक्यावर लिहिलेलं असतंय. पुढची जाळी बारीक आणि घट्ट हवी, लहान पोराचं बोट आत जाता कामा नये. वायर हातात घेऊन बघा, जाड हवी, तीन पिनेची हवी, दोन पिनेचा हीटर कितीही स्वस्त असला तरी नको. रॉडचा स्पेअर मिळतो का विचारा, क्वार्ट्जचा रॉड धक्क्यानं फुटतो आणि गॅरेजमध्ये धक्के बसतातच, मारुती गल्लीकडं इलेक्ट्रिकच्या दुकानात साध्या मापाचे रॉड सहज मिळतात पण विचित्र मापाचा असला तर अख्खा हीटर भंगारात.

घरी आणल्यावर पुढं तीन फूट मोकळं ठेवा, ताडपत्री, भुसा, चिंध्या, ऑइलची फडकी ह्यातलं काही नको. पहिल्या दिवशी अर्धा तास चालवून बंद करा आणि प्लगला हात लावून बघा, कोमट चालतो, धरवत नसेल तर पॉइंट सैल आहे, तो बदलल्याशिवाय पुन्हा लावू नका. आणि जागेवरनं उठलात की बंद, पाच मिनिटासाठी असलं तरी. मी स्विच शटरच्या बाजूलाच घेतलाय, बाहेर पडताना हात तिकडंच जातो.

शिवरात्र झाली की ब्रशनं भुसा काढून, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून घरात माळ्यावर ठेवा, गॅरेजमध्ये ठेवला तर पावसाळ्यात आतल्या पट्ट्या गंजतात आणि झुरळं घर करतात. दिवाळीनंतर काढाल तेव्हा आधी वायर पूर्ण उलगडून बघा, उंदरानं कुरतडली नाही ना, आणि पहिली दहा मिनिटं घराबाहेर कट्ट्यावर चालवा, साठलेली धूळ जळून जो वास येतो तो तिथंच जाऊ दे, वास थांबला की मग आत घ्या.